धुरपाचा घास

फार फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून गाडीवाट फुटली नव्हती आणि हिरडेवाडीच्या माणसाला मीठ आणायचं तर आख्खा डोंगर उतरून जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट.

हिरडेवाडी म्हणजे डोंगराच्या खांद्यावर बसलेलं गाव. वर कडा, खाली दरी आणि मधे जेमतेम माती. त्या मातीत नाचणी पिके, वरई पिके, आणि बाकी सगळं गाव कोंबड्यांवर चाले. हसू नका. शेत बाप्यांचं, बैल बाप्यांचे, पण कोंबडी बाईची. मुलगी सासरी निघाली की आई तिच्या काखेत एक तलंग द्यायची, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. त्या एका तलंगीचं पुढं खुराडं व्हायचं. घरात आजारी माणूस असलं, बाळंतीण असली, पाहुणा आला, देवीचा नवस फेडायचा झाला, तर बाई कुणाला विचारायला जात नसे. खुराड्याचं दार उघडायची आणि आपलं आपण बघायची.

अशीच एक तलंग काखेत घेऊन धुरपा या गावात आली. कड्यापलीकडच्या गावची लेक, खेमाची बायको. अंगानं उंच, चालायला झपाट्याची, आणि आवाज असा की ओढ्यावरून हाक मारली तर शेतातली माणसं वर बघायची. सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं गावातल्या सगळ्या कोंबड्यांची नावं विचारून घेतली, असं म्हणतात. माणसांची नावं तिला मागाहून कळली.

तर एका वर्षी काय झालं, रानमांजरं माजली. कुठून आली देव जाणे. भरदिवसा अंगणात उतरायची आणि बाई पीठ मळत असताना तिच्या डोळ्यांदेखत कोंबडी उचलून न्यायची. काठीला भ्यायची नाहीत, कुत्र्यालाही नाहीत. एक मांजर तर वासराएवढं होतं, असं म्हणतात. बायका रडकुंडीला आल्या.

गावचा पाटील होता बुधाजी. माणूस मनानं वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. त्यानं गाव जमवलं आणि सांगितलं, "घरोघरची खुराडी मोडा. गावाच्या मधोमध एकच मोठं दगडी खुराडं बांधू. सगळ्या कोंबड्या तिथंच राहतील, तिथंच खातील. दार म्हणून ठेवायचं ते एकच."

गावानं दगड वाहिले. धुरपानंही वाहिले, कुणाहूनही जास्त. भिंती पुरुषभर उंच झाल्या, वर लाकडं आणि त्यांवर चपट्या फरश्या बसल्या. रानमांजरं आली, भिंतीवर नखं घासली, फिरफिर फिरली आणि निघून गेली. गावाला हायसं वाटलं. बायका रोज सकाळी वरई आणि कोंडा आत टाकायच्या, पाणी ठेवायच्या आणि अंडी काढून आणायच्या. सगळं झ्याक चाललं.

आणि मग हळूहळू सगळं बिघडलं.

आधी तुरे फिके पडले. लाल तुरा गुलाबी झाला, गुलाबीचा पांढुरका झाला. मग पिसं गळायला लागली, आणि उघड्या पाठींच्या कोंबड्या भिंतीला टेकून पेंगत बसायला लागल्या. अंड्याचं कवच इतकं मऊ झालं की बोट लावलं तर खळगा पडे. खुडूक कोंबडी दिवसचे दिवस इमानानं अंड्यांवर बसायची आणि शेवटी अंडं फोडून बघावं तर आत नुसतं पाणी. पिल्लू नाही की पिल्लाची खूण नाही. शेवटी कोंबडे आरवायचे थांबले. गावाला उजाडल्याचं कळेना. माणसं ऊन डोळ्यांवर आल्यावर उठायला लागली, आणि शेजारच्या गावांत हिरडेवाडीची थट्टा सुरू झाली.

बाईच्या हातात आता काहीच उरलं नाही. लेकीला सासरी पाठवायचं तर काख रिकामी. बाळंतिणीच्या ताटात अंडं नाही. खेमाच्या घरासमोरच्या एका बाईला माहेरी जायचं होतं, ती गेलीच नाही, भावाच्या पोरांसाठी न्यायला काही नाही म्हणून. हे सगळं धुरपा बघत होती.

पाटलाची थोरली बहीण चिमाआत्या. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून ती भावाकडेच राहिलेली. देवीचं सगळं तीच बघायची आणि गावावर तिचा मोठा वचक. चावडीवर गाव जमलं तेव्हा आत्या म्हणाली, "देवी कोपली. या गावाला आता कोंबडी लाभायची न्हाय. माघाच्या जत्रेला सगळ्या देवीम्होरं कापा आणि मोकळं व्हा. पुन्हा गावात कोंबडी आणायची न्हाय."

पाटलानं मान डोलावली. झालं, ठरलं.

बायका माना खाली घालून उभ्या होत्या. तेव्हा धुरपा डोईवरचा पदर सारखा करून पुढं आली. सुनांनी चावडीवर तोंड उघडायची तेव्हा रीत नव्हती.

"पाटीलबाबा," ती म्हणाली, "जत्रेला अजून अवकाश हाय. तंवर कोंबड्या माझ्या हवाली करा."

"आणि तू काय करशील?"

"ते मला अजून ठावं न्हाय."

माणसं हसली. खेमानं कपाळाला हात लावला.

"आणि तुझ्या हातानं मेल्या म्हंजे?"

"तुमी कापणारच हायसा की. माझ्या हातानं मेल्या तर तुमची सुरी तेवढी कमी झिजंल."

आता हसू थांबलं. पाटलानं बहिणीकडे पाहिलं. आत्यानं तोंड फिरवलं. पाटील म्हणाला, "जत्रेपतूर. पुढं एक दीस न्हाय."

धुरपा तिथून सरळ दगडी खुराड्यापाशी गेली आणि तिनं दार सताड उघडलं. कोंबड्या उठेनात. एकच उठली. ती धुरपानं माहेराहून आणलेल्या तलंगीची लेक, तांबूस रंगाची, म्हणून तिला तांबडी म्हणायचे. तांबडी अडखळत बाहेर आली. धुरपानं मूठभर वरई टाकली. तांबडीनं वरईकडे बघितलंसुद्धा नाही. ती गेली शेजारच्या परसात, शेवग्याखाली. तिथं वाऱ्यानं पाला पडला होता. तो तिनं असा वेचला, असा वेचला, जणू उपाशी माणसाला भाकरी दिसली.

धुरपा उकिडवी बसून बघत राहिली. पाला संपला तशी तांबडी डोंगराच्या वाटेला लागली. धुरपा उठली आणि तिच्या मागे निघाली.

माणसाच्या मागे कोंबडी जाते हे सगळ्यांनी पाहिलंय. कोंबडीच्या मागे माणूस गेलेलं हिरडेवाडीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चार पावलं चालून तांबडी थांबे, धाप टाकी, पुन्हा चाले. धुरपाही थांबे, पुन्हा चाले. उचलून घेतली असती तर लवकर पोचली असती, पण मग वाट कुणी दाखवली असती? अशा त्या दोघी कड्याखालच्या दाट रानात पोचल्या.

तिथं रानकोंबड्या होत्या. करड्या ठिपक्यांच्या माद्या आणि पळसाच्या फुलासारखे लालभडक तुरे मिरवणारे नर. एकेका मादीमागे पिल्लांची रांगच रांग. कुणी त्यांना वरई घालत नव्हतं, कुणी राखत नव्हतं, आणि एकीच्याही पाठीवरचं पीस गळलेलं नव्हतं. धुरपा एका खडकाला टेकून बसली. हलली नाही, डुलली नाही. मुंग्या हातावरून गेल्या तरी तिनं बोट उचललं नाही. तिला दगड समजून रानकोंबडीची पिल्लं तिच्या ओच्यात येऊन झोपली, असं म्हणतात. पुढचे कित्येक दिवस ती सकाळी जाई आणि सांज व्हायच्या आत परते. रानकोंबड्यांची भाषा ती तिथंच शिकली, असंही म्हणतात. शिकली असेल नसेल, पण त्या काय खातात हे मात्र तिनं नीट पाहिलं. काटेरी शतावरीच्या बुडाशी पायांनी उकरून पांढऱ्या मुळ्या काढतात. भुईआवळीचा बारीक पाला टिपतात. रानतुळशीचं बी खातात. एका पानावर कधी थांबत नाहीत, थोडं इथलं, थोडं तिथलं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. बाहेर होत्या तेव्हा आपल्या कोंबड्याही हेच करायच्या. कुंपणाची पानं, बांधावरचं गवत, परसातला पाला. आपण मांजरांना बाहेर ठेवलं आणि त्यांच्याबरोबर रानालाही बाहेर ठेवलं.

ती ओटी भरून पाला आणि मुळ्या घेऊन आली. घरचा लसूण काढला, हळकुंड फोडलं, शेवग्याची फांदी वाकवून पाला ओरबाडला. सगळं पाट्यावर वाटलं, नाचणीच्या कोंड्यात कालवलं आणि बोराएवढ्या गोळ्या केल्या. पहिली गोळी तिनं स्वतः खाल्ली. खेमा दारात उभा होता. त्यानं विचारलं, "कशी लागती?"

"वंगाळ," ती म्हणाली. "पण मी कुठं कोंबडी हाय!"

इथं कुणाला वाटेल की गोळ्या खाल्ल्या आणि कोंबड्या उठून नाचायला लागल्या. तसं झालं नाही. धुरपाचा हात मोठा, आणि तिला घाई झालेली. तिनं लसूण भरमसाट घातला. निम्म्या कोंबड्यांनी गोळ्यांना तोंड लावलं नाही, आणि ज्यांनी खाल्ल्या त्यांची पोटं बिघडली. दुसऱ्या दिवशी काही मरून पडल्या. त्यात चिमाआत्याची पांढरी कोंबडी होती. ती कोंबडी आत्यानं कुशीत वाढवली होती, तिला पायाशी घेऊन आत्या जेवायची.

आत्या खुराड्यापाशी आली. मेलेली कोंबडी तिनं उचलली, पदरात घेतली आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर धुरपाला बरं वाटलं असतं.

धुरपा घरी आली. चूल पेटवली नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिली. आपण गावासमोर एवढं बोललो, आता कुठल्या तोंडानं पाण्याला जायचं, असं तिला झालं. खेमानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाला, "आजारी माणसाला आपण एकदम जेवाया वाढतो का? पेज देतो."

धुरपानं त्याच्याकडे पाहिलं. खेमा कमी बोलणारा माणूस. त्याच्या जन्मातलं शहाणपणाचं बोलणं ते एवढंच, असं गाव म्हणतं, पण तेवढं पुरलं.

ती उठली. तांबडीला काखेत घेतलं आणि पाटलाच्या घरी गेली. आत्या ओसरीवर बसली होती.

"आत्या, तुमची पांढरी माझ्या हातानं गेली. माझ्यापाशी द्यायला हीच हाय."

"तुझ्या माहेरची न्हवं ही?"

"व्हय."

"मग जीव जाईल तुझा."

"जाईल की. घ्या."

आत्यानं हात पुढं केले. तांबडी तिच्या मांडीवर पाय दुमडून बसली. धुरपा मागं न बघता परतली, कारण बघितलं असतं तर पाय निघाला नसता.

मग तिनं पुन्हा सुरुवात केली. लसूण एक पाकळी. हळद चिमूटभर. शेवग्याचा पाला सावलीत सुकवून, हातानं चुरून. शतावरीची मुळी ठेचून तिचं पाणी. आधी नुसती पातळ पेज, कोंबड्या सावरल्या तशी घट्ट, मग गोळी. आणि रोज तोच पाला नाही, आज हा तर उद्या तो, रानात असतो तसा. आत्यासाठी ती रोज तांबडीचा घास वेगळा करून ओसरीवर ठेवायची. आत्या तो घालायची की फेकायची हे तिनं विचारलं नाही.

एका पहाटे गाव दचकून उठलं. कोंबडा आरवला होता. बसका आवाज, अर्धाच आरव, पण आरव. म्हातारी माणसं अंथरुणात उठून बसली. दुसऱ्यानं साद दिली, मग तिसऱ्यानं. त्या दिवशी सूर्य आपल्या वेळेच्या आधी वर आला, असं म्हणतात.

तुरे लालसर व्हायला लागले. उघड्या पाठींवर नवी पिसं फुटली. अंडी आली तीही घट्ट कवचाची, टिचकी मारली तर खणखण वाजणारी. एकामागून एक कोंबड्या खुडूक बसल्या. धुरपानं त्यांच्याखाली अंडी मांडली आणि ती वाट बघत राहिली. पण अंड्याच्या आत काय आहे हे कवच सांगत नाही. आणि जत्रा जवळ आली होती.

जत्रेचा दिवस उजाडला. देवीपुढं ढोल लागला. पाटील सुरी घेऊन खुराड्याशी आला, मागं सगळं गाव. एकही पिल्लू अजून बाहेर आलेलं नव्हतं.

"धुरपे," पाटील म्हणाला, "तुझं काम दिसतंय मला. तुरे लाल झाले, खरं हाय. पण वंश न्हाय त्या कोंबडीचं काय करायचं? बाजूला हो."

धुरपा दारात उभी राहिली. "एक दीस द्या."

"एक दीस न्हाय म्हणून बोललो व्हतो."

तेवढ्यात गर्दी फाकली. चिमाआत्या येत होती, डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत गवत होतं, गवतावर तांबडी बसली होती, पिसं फुगवून, डोळे वटारून. आत्यानं पाटी भावाच्या पायाशी ठेवली.

"हिच्या पोटाखाली हात घाल, बुधाजी."

"आक्का, जत्रेच्या टायमाला हे काय..."

"घाल म्हणते ना!"

पाटलानं सुरी काखेत धरली आणि हात घातला. तांबडीनं करकचून चोच मारली. पाटलानं हात काढला नाही. थोडा वेळ तो तसाच वाकून राहिला. ढोलवाल्यानं ढोल थांबवला. मग पाटलाचा चेहरा बदलला. त्याच्या तळव्याखाली अंडं हलत होतं. आतून कुणी तरी कवचावर टक टक करत होतं.

त्यानं अंडं हळूच बाहेर काढलं. कवचाला चीर गेली होती, आणि चिरेतून एवढीशी चोच बाहेर आली होती. पाटलाच्या ओंजळीत, सगळ्या गावासमोर, पिल्लानं कवच फोडलं आणि ओलंगच्च अंग घेऊन ते त्याच्या बोटावर उभं राहायला लागलं.

"देवीला विचारलं म्या," आत्या म्हणाली. "देवी बोलली, मला आज काय नगं."

आणि त्याच वेळी दगडी खुराड्याच्या आतून आवाज आला. आधी एक चिवचिव, मग दहा, मग मोजताच येईना. सगळ्या खुडूक कोंबड्यांखालची सगळी अंडी त्या एका घटकेत फुटली, असं म्हणतात. दरीच्या तळाला नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना तो चिवचिवाट ऐकू गेला. दारातून पिल्लांचा लोंढा बाहेर आला, पिवळी, काळी, तांबूस, आणि पाय ठेवायला जागा उरली नाही म्हणून गाव दिवसभर जागच्या जागी उभं राहिलं. पाटीलही उभा राहिला. सुरी त्यानं केव्हाच टाकून दिली होती, कारण ओंजळ भरलेली होती.

धुरपा मटकन खाली बसली आणि रडली. आत्या तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "रडतीस कशाला, येडे? पाला आणाया हवा. एवढ्यांना पुरंल व्हय?"

त्यानंतर दगडी खुराड्याची भिंत एका बाजूनं उतरवली. तिथपासून ओढ्यापर्यंत करवंदीच्या काट्यांचं दाट कुंपण घातलं, रानमांजराला शिरता येणार नाही असं, आणि आत शेवगा लावला, शतावरी लावली, तुळस लावली. दिवसा कोंबड्या तिथं चरायच्या आणि सांजेला भिंतीआड जायच्या. आजूबाजूच्या गावांतून बायका यायला लागल्या. धुरपा कुणाला रित्या हातानं परत पाठवत नसे. पाला द्यायची, आणि वर दटावायची, "लसूण बेतानं. माझ्यावाणी करू नगंस." चिमाआत्या म्हातारी होईतो पाट्यावर वाटायला तिच्याशेजारी बसायची, आणि दोघींत कोण बारीक वाटतं यावरून रोज भांडण व्हायचं.

धुरपा पुष्कळ जगली. केस कापसासारखे झाले तरी आवाज तसाच राहिला. एका सकाळी ती मुळ्या आणायला कड्याकडे गेली, ती आली नाही. गावानं रान पालथं घातलं. ती सापडली नाही, पण त्या दिवशी कड्याखालचे रानकोंबडे दिवस मावळेपर्यंत आरवत होते, आणि गावातले कोंबडे त्यांना साद देत होते. कुणी म्हणतात, ती खडकाला टेकून बसली आणि खरंच खडक झाली. कुणी म्हणतात, रानकोंबड्यांनी तिला आपल्यात घेतलं. मेली असं मात्र हिरडेवाडीत कुणी म्हणत नाही.

आजही माघाच्या जत्रेला हिरडेवाडीत देवीपुढं सुरी निघत नाही. त्या दिवशी सगळ्या बाया पाटे बाहेर काढतात आणि गावभर पाला वाटल्याचा हिरवा वास सुटतो. त्याला धुरपाचा घास म्हणतात. पहिला घास आपल्या कोंबड्यांना घालायचा नाही, शेजारणीच्या कोंबड्यांना घालायचा, अशी रीत आहे. वर्षभर ज्या दोघी बोलत नसतील त्यांनाही त्या दिवशी एकमेकींच्या अंगणात जावं लागतं.

आणि आणखी एक. बाकीच्या गावांत कोंबड्यांना दाणे टाकताना तीऽ तीऽ तीऽ करतात. या गावात तसं केलं तर कोंबड्या नुसत्या मान वर करून बघतात आणि पुन्हा उकरायला लागतात. दरवर्षी कुणाच्या तरी घरी नवी सून येते. हातात घास घेऊन अंगणात उभी राहते आणि तीऽ तीऽ करून दमते. बायका दारादारांतून बघत असतात. मग सासू ओट्यावरून म्हणते, "अगं, नाव घे, नाव!"

सून लाजते. पदर सावरते आणि नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा जुळवू लागते. सगळं गाव खोखो हसतं.

"त्याचं न्हवं गं," सासू म्हणते, "तिचं!"

मग सून मोठ्यानं हाक मारते, "धुरपाऽ! धुरपाऽ!" आणि परसांतून, बांधांवरून, शेवग्याखालून सगळ्या कोंबड्या धावत येतात.